हरणांचा वाटा

बोर्डिंगच्या हस्तलिखित अंकासाठी काहीतरी लिहून दे, असे मला सांगण्यात आले, तेव्हा मी बरेच दिवस टाळत राहिलो. लिहिणे हे आपले काम नव्हे, असे मला अजूनही वाटते. आमच्या घरात दौत आणि टाक माझ्यामुळे आले. त्याआधी काही लिहायचे निघाले की वडील पटवाऱ्याकडे जाऊन बसत. इथल्या माझ्या मित्रांनी मोठी माणसे पाहिली आहेत, त्यांची भाषणे ऐकली आहेत. मी ज्यांच्याविषयी लिहिणार आहे ते आमच्या शिवाराबाहेर कोणाला ठाऊक नाहीत, आणि शिवारातही त्यांना शहाणे म्हणणारे कमीच होते. खरे तर त्यांच्याविषयी सांगण्याचा अधिकार त्यांच्या सुनेचा आहे. पण तिला लिहिता येत नाही आणि मला येते, एवढ्याच आधारावर मी हे धाडस करीत आहे. कुठे कमीजास्त झाले तर वाचणाऱ्यांनी तो दोष माझ्या पदरात घालावा, त्यांच्या नव्हे.

त्यांचे नाव मी लिहीत नाही. सारे गाव त्यांना आबाजी म्हणे, म्हणून मीही तेच म्हणतो.

आबाजी म्हटले की मला आधी आठवतात त्यांची उत्तरे. त्यांना काही विचारले तर ते त्या दिवशी उत्तर देत नसत. ऐकून घेत, माळाकडे पाहत आणि निघून जात. दुसऱ्या दिवशी त्याच जागी येऊन उत्तर देत. माझे वडील कधी विचारत, "आबाजी, तूर कशी हाय औंदा?" आबाजी गप्प. दुसऱ्या दिवशी वडील कोणाच्या तरी सोयरिकीविषयी बोलत असले की आबाजी मध्येच म्हणत, "फुलं चांगले हायेत, पर अळी दिसून राह्यली." नवख्या माणसाला वाटे की त्यांनी नवरीविषयीच काही सांगितले.

एकदा केनवडच्या एका सोयऱ्याने त्यांना जाता जाता विचारले, "आबाजी, जेवता काय?" आबाजी काही न बोलता घरी आले. दुसऱ्या दिवशी ते ऊन डोक्यावर घेऊन केनवडला गेले, त्या सोयऱ्याच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "जेवतो." त्यांना वाढावे लागले. ही गोष्ट आमच्याकडे इतक्यांदा सांगितली जाते की तो सोयराही आता ती हसत सांगतो.

असे का करता, म्हणून मी त्यांना एकदा विचारले होते. उत्तर अर्थातच दुसऱ्या दिवशी मिळाले. "इचारनाऱ्याले घाई असते. उत्तराले कायची घाई?"

दुसरी आठवण गोफणीची. अंबाडीची, तेल पाजलेली गोफण त्यांच्या कमरेला करदोड्यासारखी गुंडाळलेली असे. लग्नाला जाताना धुतलेले धोतर नेसत, पण त्यावर गोफण तशीच. राखण करण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या भागात कोणी नव्हता. त्यांचा "हाऽऽ" असा आवाज माळ ओलांडून पलीकडच्या गावात जाई, आणि गोफणीतला गोटा हरणाच्या पुढ्यात असा पडे की हरीण जागीच वळे. जनावराला मात्र त्यांनी कधी लागू दिले नाही. त्यांच्या ज्वारीत पाखरू बसत नाही, असे लोक म्हणत. लहानपणापासून ते हेच करत आले होते. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झाले ते त्याशिवाय कळणार नाही.

आमच्या गावाच्या उगवतीला मोठा माळ आहे. त्यावर काळविटांचा कळप असतो. पूर्वी माळ आणखी मोठा होता. कापसाला चांगले दिवस आले तेव्हा लोकांनी त्याचे तुकडे तोडून वावरे केली. मग कळप वावरांत उतरू लागला. माझ्या मॅट्रिकच्या वर्षी हिवाळ्यात त्याने अनेकांचा हरभरा खाल्ला. आमचाही खाल्ला. तेव्हा चावडीवर पाटील म्हणाले, "शिकारी साहेब लोकायचा तंबू दरसाल तलावावर पडते. पुढल्या साली मी त्यायले आपल्या माळावर आनतो. चार दिवसांत माळ साफ होईन." सगळ्यांनी होकारार्थी माना हलवल्या. माझ्या वडिलांनीही हलवली. आबाजी तिथेच होते, पण ते त्या दिवशी काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी पाटील अंगणात दाढी करून घेत होते. आबाजी समोर जाऊन उभे राहिले.

"नाही," ते म्हणाले.

"काय नाही?"

"बंदुका नाही."

पाटील आणि आबाजी एका वयाचे. लहानपणी दोघांनी माळावर एकत्र ढोरे राखलेली, त्यामुळे त्यांच्यात आडपडदा नसे. पाटलांनी न्हाव्याचा हात बाजूला केला आणि म्हणाले, "काहून? तुह्य सासर हाय काय तेथं?"

तेव्हा आबाजी बोलले, ते आमच्या वडिलांनी ऐकले आणि मला सांगितले. "खळ्यावर आपन लव्हाराले देतो, सुताराले देतो, कोतवालाले देतो. ज्याचा त्याचा वाटा. हे हरनं आपल्या आज्याच्या आधीपासून इथं हायेत. माळ त्यायचाच व्हता, त्याच्यावर आपन नांगर घातला. अन् त्यायच्या वाट्याले काय? गोटा. तो बी सगळ्यायपेक्षा जोरात मीच मारतो."

"मंग पेर त्यायच्यासाठी," पाटील हसून म्हणाले.

"पेरतो."

आबाजींनी जागच्या जागी दिलेला होकार गावाला आठवतो तो तेवढा एकच.

पाटील हसायचे थांबले. म्हणाले, "तुह्य ते पडीत हाय ना माळाच्या कडेले? पेर तेथं. पुढल्या संक्रांतीच्या आत कळप तुह्या वावरात चरताना मले दाखव. चरला, तं गावाची पिकं वाचतीन, बंदुका मी आनत नाही. नाही चरला, तं मंग मले बोलायचं नाही." असा करार झाला. साक्षीला न्हावी आणि माझे वडील.

ते पडीत मी लहानपणापासून पाहत होतो. आमच्या वावराला लागूनच ते होते. कधीतरी ते कसलेले होते, मग कुंद्याने गिळले आणि आबाजींनी सोडून दिले. बोरीची झुडपे, बाभळीची पोरे, तरवड, रुई, मध्ये पळसाची खोडे. आत शिरले तर धोतर अडके. आणि या सगळ्याखाली कुंदा. ज्यांच्या घरी शेती नाही त्यांच्यासाठी सांगतो: कुंदा हे वरून साधे गवत दिसते, पण त्याच्या मुळ्या खाली हातभर जातात, आणि मुळीचा बोटभर तुकडा राहिला तरी तो पुन्हा उगवतो.

मी वाशीमला परीक्षा देऊन गावी आलो होतो आणि निकालाची वाट पाहत होतो. पास झालो तर कॉलेज, नाही तर वखर. या दोहोंच्या मध्ये मी धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, पुस्तक घेऊन बसे. वाचत काही नव्हतो. आबाजी एकटेच कुऱ्हाड घेऊन बोरीला भिडले होते. थोड्या वेळाने माझ्यापाशी आले.

"ए मॅट्रिक, ते पुस्तक पळून जाईन काय?"

"नाही, आबाजी."

"मंग कुदळ घे. कुंदा पळून जाते."

त्या दिवसापासून ते मला मॅट्रिकच म्हणू लागले. निकाल लागायचा होता, म्हणून मला ते ऐकून धडकी भरे आणि बरेही वाटे.

त्यांची काम करण्याची रीत संथ होती. झुडूप तोडण्याआधी ते काठीने त्याच्यावर हळूहळू मारत आणि म्हणत, "निंगा बाप्पा, निंगा बाहेर." ससा निघे, सरडा निघे, कधी साप. मग काही वेळ बसायचे, कारण निघणाऱ्याला सामान आवरायला वेळ लागतो, असे त्यांचे म्हणणे. त्यानंतर कुऱ्हाड. एका मोठ्या बोरीखाली तितराची अंडी सापडली. ती बोर तशीच राहिली. पुढे वखर तिला वळसा घालून गेला, तिफणही वळसा घालून गेली, आणि त्या सपाट वावराच्या मधोमध ती एकटी बोर सबंध पावसाळा उभी होती.

कुंदा खणताना माझ्या हाताला फोड आले. एक वाफा संपला की मी म्हणे, "झाला, आबाजी." ते खाली बसून माती चाळत, एक तुकडा काढत आणि माझ्यापुढे धरत. "कुंदा मेला हे कुंद्याले पटलं पाह्यजे. आपल्याले पटून काय उपेग?"

"काय उपेग" हा त्यांचा नेहमीचा शब्द. पावसाविषयी, माणसांविषयी, माझ्या इंग्रजीविषयीही.

दुपारी शिदोरी घेऊन त्यांची सून येई. मी तिला वयनी म्हणतो. तिचा नवरा, म्हणजे आबाजींचा एकुलता मुलगा, कारंजाला कापसाच्या जिनात कामाला होता आणि सणाला तेवढा येई. सगळी शेती वयनीच पाहत असे. आमच्याकडे सून सासऱ्याशी तोंडातोंडी बोलत नाही. डोक्यावर पदर घेऊन, तिसऱ्याला सांगून, सासऱ्याच्या कानावर घालते. तिसरे कोणी नसले तर वयनी बैलाला सांगे. "ढवळ्या, तुह्या मालकाले सांग, भाकर झाकून ठेवली हाय." आणि आबाजी बैलाला म्हणत, "सांग, आयकलं म्हना." लग्न होऊन आल्यापासून दोघांचे असेच चाललेले. भांडणसुद्धा ढवळ्याच्या मार्फत होई. तो बैल बिचारा रवंथ करत मधे उभा असे.

त्या उन्हाळ्यात बैलाचे काम माझ्याकडे आले.

"भाऊजी," ती शिदोरी सोडता सोडता म्हणे, "तुमच्या आबाजीले इचारा, हरनाच्या पंगतीले बुंदी कराची का जिलेबी?"

आबाजी भाकरी खात राहत. दुसऱ्या दिवशी तीच वेळ, तीच जागा. "मॅट्रिक, तिले सांग, त्यायले गोड चालत नाही."

ती तोंडावर पदर घेई, पण खांदे हलताना मला दिसत. तरीही ती रागावलेली होती. घरी कपाशीचे वावर पडलेले, हाताखाली माणूस नाही, आणि सासरा हरणांसाठी कुंदा खणतो. तिने एकदा मला बाजूला घेऊन म्हटले, "भाऊजी, मले हसू येते म्हनून मी हसतो. पर हे सारं गाव हसून राह्यलं ना, ते मले नाही खपत. संक्रांतीले हरनं नाही आले, तं हा बुढा कोनाले तोंड दाखवीन?"

तेव्हा मला कळले की तिलाही त्या कळपाची वाट आहे.

वखरणी झाली, वावर काळेभोर निघाले. मग आम्ही दोघांनी कुंपण घातले. तोडलेल्या बोरी-बाभळीच्या काट्या ओढून आणल्या, चारी बाजूंनी गच्च रचल्या, दगडांनी दाबल्या. अंग ओरबाडून निघाले. शेवटची काटी लावून आम्ही लांबून पाहिले. उंदीर शिरणार नाही असे कुंपण झाले होते. आबाजी खूश होते. मीही होतो. तेवढ्यात पाटील घोड्यावरून जाताना थांबले. कुंपणाभोवती एक चक्कर मारून आले आणि शांतपणे म्हणाले, "कुंपन झकास झालं, आबाजी. पाहुन्यायनं शिडी घरून आनायची काय?"

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. वावर तयार झाले की कुंपण घालायचे, हे आमच्या हाताला इतके ठाऊक की ते कोणापासून घालतो आहोत, हे आमच्या मनातच आले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा ते माळाकडची सगळी बाजू उपसत होते. मला पाहून म्हणाले, "गावाकडून राहू दे. गावची ढोरं नाही आली पाह्यजे."

पेरणीला ज्वारी, मूग आणि बरबटी, म्हणजे चवळी, अशी मिसळ होती. तिफणीवर आबाजी. चाड्यावर मूठ धरायला, म्हणजे बी सोडायला बाई लागते. आबाजींनी कोणाला सांगितले नव्हते. वयनी आपणहून कासोटा घालून आली आणि ढवळ्याला म्हणाली, "मूठ माह्याच हाताची पडू दे. नाही उगवलं तं मंग मलेच नाव ठेवतीन." तिने बी दाट सोडले. ढवळ्याच्या मालकाने मागे वळून पाहिले आणि बरे म्हणायचे टाळले, पण तिफण जरा हळू चालवली.

मी पास झालो होतो. पेरणी आटोपली आणि मी अमरावतीला आलो.

दिवाळीच्या सुटीत गेलो तेव्हा ते वावर पाहून मला गहिवरून आले, असे लिहिले तर मित्र हसतील, पण खरे आहे. ज्वारी माझ्या डोक्याच्या वर, कणसांत दूध, खाली बरबटीच्या वेली. जिथे माझे धोतर अडकत होते तिथे वारा सळसळत होता. पण हरणे आली नव्हती. कळप लांब माळावर उभा राही, इकडे पाही आणि दुसऱ्याच वावरात उतरे. गावात थट्टा सुरू होती. पोरे आबाजींना विचारत, "आबाजी, आवतन कोनत्या भाषेत धाडलं?"

आबाजी रोज पहाटे धुऱ्याआड बसत. मीही जाऊ लागलो. आम्ही बोलत नसू. थंडी पडलेली, घोंगडीचा एक पदर त्यांच्या अंगावर, एक माझ्या. त्यांच्या अंगाला कडब्याचा आणि तंबाखूचा वास येई. अशी एक सकाळ आली. उजाडत होते. माळावरचे गवत हलल्यासारखे वाटले आणि कळप अगदी जवळ उभा असलेला दिसला. पुढे काळा नर, शिंगे पाठीवर टाकलेली. मागे माद्या. आबाजींचा हात माझ्या खांद्यावर होता. एक मादी पुढे आली. उघड्या बाजूने तिने एक पाय वावरात टाकला. थांबली. दुसरा पाय टाकला. मान वाकवून बरबटीचा शेंडा तोडला. तिच्या तोंडाचा आवाज मला ऐकू आला.

माझ्या खांद्यावरचा हात कधी उठला ते मला कळले नाही. गोफण हवेत गरगरली आणि "हाऽऽ" असा तो आवाज माझ्या कानाशी फुटला. गोटा मधल्या बोरीत जाऊन पडला. कळपाने एकदम उडी घेतली आणि पाहता पाहता माळ मोकळा झाला.

आबाजी उभे होते. हातात गोफण लोंबत होती. ती दुसऱ्या कोणाची असावी तसे ते तिच्याकडे पाहत होते. मग खाली बसले. मला हसू येईल असे क्षणभर वाटले, पण त्यांच्या तोंडाकडे पाहिले आणि आले नाही. ज्या क्षणासाठी त्यांनी उन्हाळा घातला, तो त्यांच्याच हाताने हाकलला होता. आणि हाताचा तरी काय दोष? जन्मभर त्याला एकच काम शिकवलेले.

वयनी पाण्याचा लोटा घेऊन येत होती. तिने आवाज ऐकला होता. "भाऊजी, कोन आलं व्हतं?"

"हरणं," मी म्हणालो.

"मंग हाकललं कोनं?"

तिने आबाजींच्या हातातली गोफण पाहिली. तिच्या लक्षात आले. तिने लोटा खाली ठेवला, सासऱ्याच्या हाताला लागेल असा सरकवला आणि परत गेली. त्या दिवशी तिने टोमणा मारला नाही. मला ते टोमण्यापेक्षा कठीण वाटले.

मी निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आबाजी आमच्या दारात आले. कमरेची गोफण सोडून त्यांनी माझ्या हातात दिली. "हे तिकडं घेऊन जा."

मी म्हणालो, "बरं झालं, आबाजी. आता हाती काही राहिलं नाही."

"हात राह्यला ना. काल ढेकूळ मारलं."

म्हणजे हरणे पुन्हा आली होती आणि पुन्हा गेली होती. आबाजी वावरात न जाते तर गावची मोकाट ढोरे उघड्या बाजूने शिरून एका सकाळीत सगळे फस्त करती, म्हणून जाणे भाग होते. गेले की हरीण दिसे, आणि हरीण दिसले की हात उठे. संक्रांत फार लांब नव्हती. मी त्यांच्याच शब्दात विचारले, "आबाजी, समजा ते आले अन् तुमाले पाह्यलेच भेटले नाही, तं मंग काय उपेग?"

त्यांनी माळाकडे पाहिले आणि निघून गेले. उत्तर दुसऱ्या दिवशी मिळाले असते. पण दुसऱ्या दिवशी तांबडे फुटायच्या आत माझी बैलगाडी वाशीमच्या वाटेला लागली होती.

ती गोफण माझ्या ट्रंकेत आहे. खोलीतल्या मित्रांनी ती पाहिली आणि हे काय म्हणून विचारले, तेव्हा मी "दोरी आहे" म्हणालो. इथे वर्गात प्रोफेसर प्रश्न विचारतात आणि लगेच बोट करतात. मला उत्तर सुचते, पण दुसऱ्या दिवशी सुचते. तोवर धडा पुढे गेलेला असतो. अशा वेळी मला फार वाटते की उठावे, त्या धुऱ्याआड जाऊन बसावे, घोंगडीचा एक पदर ओढून घ्यावा आणि कोणी काही विचारू नये. सकाळी बोर्डिंगच्या मागच्या मैदानात गवतावर दव असते. मी तिकडे बघत उभा राहिलो की मागून कोणीतरी म्हणते, काय पाहतोस? काही नाही म्हणतो. तिथे पाहण्यासारखे खरेच काही नसते.

संक्रांत आली. बोर्डिंगमध्ये तिळगूळ वाटला. मी तो हातात घेऊन बसलो होतो. गावाकडून काहीच कळले नव्हते. तंबू पडला असेल का, बंदुका वाजल्या असतील का, हे मी कोणाला विचारणार होतो?

माघात वडील आले. कापसाची गाडी बडनेऱ्याला आणली होती, तिथून चालत आले. कडुनिंबाखाली बसले, पागोटे काढून मांडीवर ठेवले. मी पाणी दिले. पाणी पिऊन म्हणाले, "आबाजी गेला."

मी रिकामा तांब्या त्यांच्या हातून घेतला.

"थंडी-ताप आला. दोन-तीन दिवस होता. पोरगा आला व्हता कारंजाहून, भेट झाली."

मग मी विचारले, "बा, हरणं?"

वडील कमी बोलतात. पण त्या दिवशी बोलले. मी गेल्यावर आबाजींनी रोज पहाटे डोळ्यांवर पागोट्याची पट्टी बांधून वावरात बसायला सुरुवात केली. दिसलेच नाही तर हात उठणार नाही. हाताला काम असावे म्हणून मांडीवर कापसाची टोपली, बोटांनी सरकी सोडवत राहायची. पट्टी बांधलेला माणूस वावरात येणार कसा? वयनी काठीचे एक टोक धरी, दुसरे त्यांच्या हातात. ढोरांवर नजरही तीच ठेवी. काही सळसळले की आबाजी विचारत, "कोनाचे ढोर शिरले?" तोंडाने कसे सांगणार? ती बांगड्या वाजवी आणि उठून ढोर हाकलून देई. बांगड्या वाजल्या नाहीत तर वारा होता, असे ते समजत. सगळे गाव पाहायला येऊन गेले आणि हसून गेले.

"संक्रांतीच्या तोंडावर पाटील आला," वडील म्हणाले. "मले म्हने, चाल, करार पाहून येऊ. आमी दोघं आपल्या धुऱ्याच्या आडून बसलो. पाटलानं जोडे हातात घेतले व्हते. उजाडलं अन् कळप आला. सारा. आतमध्ये शिरला, अन् लागला चरायले. त्या बोरीपर्यंत आला. बुढ्याच्या अंगावरून जाते का काय, असं वाटलं."

"मग?"

"त्यानं इचारलं, कोनाचे ढोर शिरले?" वडिलांनी मांडीवरचे पागोटे सरकवले. "आता बांगड्या वाजवल्या तं हरनं पळते, नाही वाजवल्या तं बुढा वारा समजते. बैल नाही, पोर नाही, कोनी नाही. तिनं पदर दातात धरला व्हता. तो सोडला अन् सासऱ्याच्या कानाशी वाकून हळूच म्हनली, आपलेच हायेत, मामाजी."

बोर्डिंगच्या अंगणात मुले विटीदांडू खेळत होती. त्यांचा आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला.

"मंग ती म्हने, पट्टी सोडू काय? त्यानं मान हलवली, नोको म्हनून. टोपली बाजूले ठेवली अन् दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला. हरनं पोटभर खाऊन गेले. पाटील वापस येताना जोडे घालाचं बी इसरला. तंबूवाल्यायले त्यानं सांगून धाडलं, आमच्या माळावर औंदा काही नाही."

वडिलांनी पागोटे बांधायला घेतले. वयनी पुढच्या साली पुन्हा पेरणार म्हणते, असे त्यांनी सांगितले. मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो. तिथे ते थांबले.

"हो, तुह्या नावानं निरोप हाय. हरनं आले त्याच्या दुसऱ्या दिवशी तो माह्याकडं आला व्हता. म्हने, त्या मॅट्रिकनं मले दिवाळीत इचारलं व्हतं, त्याचं सांगायचं राह्यलं."

"काय म्हणाले?"

वडिलांनी निरोप जसाच्या तसा पोचवायचा म्हणून क्षणभर आठवले आणि आबाजींसारखेच, माळ असावा तसे लांब पाहत म्हणाले, "त्याले सांगजो, मी नाही पाह्यले. पर मले सांगनारं मानूस भेटलं."